सिम८००एल पुन्हा पुन्हा रीसेट होतंय? रेंजला नावं ठेवण्याआधी पॉवर बघा

शृंगारतळीला माझं मोटर रिवाइंडिंगचं आणि इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान आहे. आमच्या गुहागर तालुक्यात घर वर आणि विहीर खाली पऱ्याच्या (ओढ्याच्या) कडेला, अशीच बहुतेक वाड्यांची रचना. सुपारीला पाणी लावायचं तर पाखाडी उतरून मोटर चालू करा आणि दोन तासांनी परत उतरून बंद करा. त्यात मध्येच लाईट गेली की तिसरी फेरी. त्यामुळे मिस्ड कॉलवर चालणारा स्टार्टर सगळ्यांनाच हवा असतो. हल्ली शिकणारी पोरं अर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) आणि सिम८००एलचं, म्हणजे सिमकार्ड घालून कॉल-एसएमएस करणारं, छोटं लाल मॉड्युल आणून तो घरीच बनवायला घेतात. पुढे ठरलेली तक्रार घेऊन दुकानात येतात: "काका, आमच्या वाडीत रेंजच नाय, मॉड्युल नेटवर्क पकडत नाय."

मी पहिला प्रश्न विचारतो की तेच सिमकार्ड साध्या बटणाच्या टूजी फोनमध्ये घालून, त्याच जागी उभं राहून बघितलंस का? बटणफोनला दोन कांड्या दिसत असतील आणि मॉड्युलला काहीच मिळत नसेल, तर टॉवरवाल्याला शिव्या देण्यात अर्थ नाही. बिघाड तुम्ही मॉड्युलला देताय त्या चार व्होल्टांच्या पॉवरमध्ये आहे. सिम जिओचं असेल तर मात्र विषय तिथेच संपतो. जिओला टूजी नाहीच आणि सिम८००एलला टूजीशिवाय दुसरं काही येत नाही. एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएल घ्या.

आता मॉड्युलवरची बारकी एलईडी बघा. सेकंदाला एकदा लुकलुकत असेल तर ते नेटवर्क शोधतंय. तीन सेकंदांनी एकदा म्हणजे नोंदणी झाली. या दोन्हीत पॉवरचा दोष असेलच असं नाही. पण सात-आठ वेळा लुकलुकून ती गप्प झाली, क्षणभर काहीच नाही आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू, असं चक्र चाललं असेल तर मॉड्युल नेटवर्क शोधता शोधता मरतंय आणि परत जन्म घेतंय. सीरियल मॉनिटरवर (मॉड्युलचे निरोप दाखवणाऱ्या कॉम्प्युटरवरच्या खिडकीत) हेच "कॉल रेडी", "एसएमएस रेडी" पुन्हा पुन्हा छापून आल्यासारखं दिसतं. मॉड्युलकडे "अंडर-व्होल्टेज" असा इशारा देण्याची सोयही आहे, पण बॉड रेट (मॉड्युलचा बोलण्याचा वेग) ऑटोवर असेल तर तो कधीच बाहेर येत नाही. एटी+आयपीआर=९६०० ही कमांड मॉड्युलला देऊन रेट पक्का करा, एटी&डब्ल्यूने तो साठवा, मग ते बोलायला लागतं. व्होल्टेज अगदी क्षणभरच पडलं तर इशाऱ्याचीही वाट न बघता सरळ रीसेट होतं, म्हणून इशारा आला नाही म्हणजे पॉवर ठीक, असं धरू नका.

गणपतीत भजनाला बसलेल्यांना हे प्रकरण कानाने माहीत आहे. माईकजवळ कोणाचा मोबाइल असला की रिंग वाजायच्या आधी स्पीकरमधून टर्र-टर्र ऐकू येतं. टूजी फोन सतत प्रक्षेपण करत नाही. दर ४.६१५ मिलिसेकंदांनी त्याला बोलायची पाळी मिळते आणि ती जेमतेम ५७७ मायक्रोसेकंद टिकते. म्हणजे सेकंदाला साधारण २१७ वेळा झटका. स्पीकरमध्ये ऐकू येते ती हीच टर्र-टर्र. अशा प्रत्येक झटक्यात सिम८००एल २ ॲम्पियरपर्यंत करंट ओढतं.

गोंधळ होतो तो इथेच. आठ पाळ्यांतली एकच आपली, म्हणून सरासरी धरली तर २ ॲम्पियरचा आठवा भाग, म्हणजे पाव ॲम्पियर. मल्टिमीटर ही सरासरीच दाखवतो. पोरगा म्हणतो, मीटरवर तर ३०० मिलिॲम्पियरसुद्धा दिसत नाहीत, माझा अडॅप्टर ५०० चा आहे. व्होल्टेजचंही तसंच. साधा मीटर सेकंदाला दोन-तीनदा वाचन घेतो. त्याला ४.० दिसत असतं तेव्हा मॉड्युलच्या पिनवर सेकंदाला दोनशे वेळा ३.१ होत असतं. या मॉड्युलला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात आणि ३.४ ची मर्यादा झटक्याच्या तळालाही पाळावी लागते.

आता आमच्याकडचा खरा मुद्दा. पऱ्यापलीकडच्या माणसाला हाक मारायची तर ओरडावं लागतं, शेजारच्याशी हळू बोललं तरी चालतं. टॉवर फोनला सतत सांगत असतो, आवाज वाढव, आवाज कमी कर. ९०० मेगाहर्ट्झवर जास्तीत जास्त ताकद २ वॉट, आणि टॉवर समोरच असेल तर ती काही मिलिवॉटपर्यंत खाली येते. ताकद उतरली की झटक्याचा करंटही उतरतो. म्हणून चिपळुणात कॉलेजच्या लॅबमध्ये व्यवस्थित चाललेलं सर्किट डोंगराच्या कुशीतल्या वाडीत नेलं की रीसेट व्हायला लागतं. तारा त्याच, अडॅप्टर तोच. म्हणून पोराला वाटतं रेंजचा दोष. रेंज कमी आहे हे खरंच, पण मॉड्युल पडतं ते जोरात ओरडायला लागणारी पॉवर पुरत नाही म्हणून. पहिल्या नोंदणीच्या वेळी टॉवरने अजून आवाज कमी कर असं सांगितलेलं नसतं, त्यामुळे ती हाक एरवीही मोठ्यानेच जाते. नेटवर्क शोधतानाच रीसेट का होतं, त्याचं हे कारण.

रेंजचा आकडा एटी+सीएसक्यूने मिळतो. उत्तर ० ते ३१ मध्ये येतं, ९९ म्हणजे कळत नाही. १० च्या खाली असेल तर तुमचं सर्किट पूर्ण ताकदीने चालणार असं समजूनच पुढचं सगळं करा.

खात्री करायचा सगळ्यात झटपट उपाय सांगतो. जुन्या लॅपटॉपची नव्हे, चांगली चार्ज झालेली १८६५० ही गोल लिथियम सेल घ्या. तिचं व्होल्टेज ३.७ ते ४.२ च्या मध्ये असतं, म्हणजे मॉड्युलला नेमकं हवं तेच. होल्डरमध्ये घालून, जाड आणि वीतभरापेक्षा आखूड तारांनी थेट मॉड्युलच्या व्हीसीसी (प्लस) आणि ग्राउंडला (मायनस) जोडा. ब्रेडबोर्ड मध्ये नको. उलटी जोडलीत तर मॉड्युल गेलं, आणि तारा एकमेकींना चिकटल्या तर सेल तापून पेट घेऊ शकते, तेव्हा आधी मीटरने प्लस-मायनस बघा. अर्डुइनोचा ग्राउंड या ग्राउंडला जोडायला विसरू नका. सेलवर मॉड्युल पहिल्याच प्रयत्नात नोंदणी करतं आणि अडॅप्टरवर करत नाही, असं झालं तर पुढचं वाचा. सेलवरही होत नसेल तर अँटेना, सिम किंवा मॉड्युल, यांच्याकडे वळा.

ऑसिलोस्कोप आमच्या बाजारपेठेत कोणाकडे असणार? त्याची मला जमलेली पर्यायी युक्ती म्हणजे दुसरा अर्डुइनो युनो. दुसरा मुद्दाम, कारण मॉड्युलशी बोलणारा अर्डुइनो सॉफ्टवेअर सीरियलमध्ये अडकलेला असतो, त्याला मोजायला फुरसत नसते. मॉड्युलच्या व्हीसीसी पिनवरून ३३ किलोओहम आणि तिथून ग्राउंडला १० किलोओहम, मधला जोड ए-झिरोला. व्होल्टेज कमी करणारी ही जोडी म्हणजे डिव्हायडर. प्रोग्रॅममध्ये ॲनालॉग रेफरन्स इंटर्नल ठेवा, म्हणजे १.१ व्होल्टचा आतला संदर्भ वापरला जातो आणि युएसबीचं व्होल्टेज हललं तरी मोजमाप हलत नाही. मग लूपमध्ये नुसतं वाचत सुटायचं, सगळ्यात लहान आकडा जपून ठेवायचा आणि दर पाच सेकंदांनी छापून पुन्हा सुरुवात करायची. एका वाचनाला साधारण ११० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे ५७७ च्या झटक्यात पाचेक वाचनं सापडतात. ४.० व्होल्टला आकडा ८६५ च्या आसपास येतो आणि ३.४ ला ७३५ च्या. आतला संदर्भ चिपगणिक थोडा वेगळा निघतो, म्हणून आकड्यावर विसंबू नका. मॉड्युल शांत असताना मीटरवर ४.० करून घ्या, तेव्हाचा आकडा लिहून ठेवा आणि सगळ्यात लहान आकडा त्याच्या ८५ टक्क्यांच्या खाली जातो का ते बघा. गेला की चोर सापडला. डिव्हायडरवर कपॅसिटर टाकू नका, नाहीतर जे पकडायचंय तेच गुळगुळीत होऊन जाईल.

मोजताना मॉड्युलवरून आपल्याच फोनला कॉल लावा. कॉल चालू असेपर्यंत झटके सलग येत राहतात. एसएमएसमध्ये ते येऊन जातात आणि हातात काही लागत नाही. एटी+सीबीसी दिल्यावर मॉड्युल स्वतःचं व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये सांगतं, उत्तरातला तिसरा आकडा बघा. ते शांत असतानाचं सेटिंग ताडून बघायला ठीक, झटक्याचा तळ त्यात दिसेलच असं नाही.

बहुतेकांचा दोष कुठे निघतो? अर्डुइनोच्या ३.३ व्होल्ट पिनवरून मॉड्युल चालवणाऱ्यांचा विचारूच नका, तिथून युनोला ५० मिलिॲम्पियर द्यायचीही मारामार. ५ व्होल्ट पिनला मध्ये एक १एन४००७ डायोड टाकून व्होल्टेज उतरवणारेही बरेच. मॉड्युल शांत असताना डायोडवर कमी व्होल्टेज पडतं म्हणून मॉड्युलला ४.४ च्या वर मिळतात, झटक्याला डायोडवर एक व्होल्टच्या वर पडतं म्हणून ते खाली आदळतं. त्यात युनोच्या युएसबीला ५०० मिलिॲम्पियरचा फ्यूज आहे.

पण मला सगळ्यात जास्त दिसतो तो एलएम२५९६ च्या निळ्या पॉटवाल्या (स्क्रू फिरवून व्होल्टेज ठरवायच्या) बक कन्व्हर्टरचा, म्हणजे व्होल्टेज उतरवणाऱ्या बोर्डाचा, घोटाळा. त्यावर ३ ॲम्पियर लिहिलेलं असतं, म्हणून पोरं मोबाइल चार्जरचे ५ व्होल्ट त्याला देतात आणि ४ व्होल्ट बाहेर काढतात. मीटरवर ४.० बरोबर दिसतात. पण या आयसीच्या आतल्या स्विचवरच लोड आला की एक व्होल्टच्या आसपास खर्च होतो, तारा आणि कॉइल वेगळे. ५ मधून तेवढे गेले की ४ उरतच नाहीत. याला ९ किंवा १२ व्होल्टचा, किमान १ ॲम्पियरचा अडॅप्टर द्या. चार व्होल्टला दोन ॲम्पियर म्हणजे ८ वॉट. १२ व्होल्टच्या बाजूला कन्व्हर्टरमधला तोटा धरूनही ते पाऊण ॲम्पियरच्या आसपास पडतं, म्हणजे १ ॲम्पियर पुरतो. मॉड्युल जोडायच्या आधी आउटपुट सेट करा, नवीन बोर्ड आउटपुटला किती देईल याचा नेम नसतो. मी ४.१ ठेवतो.

तो निळा पॉट मात्र आमच्याकडच्या खाऱ्या हवेत टिकत नाही. पावसाळ्यात आतला सरकता काटा ऑक्सिडाइझ होतो. त्याचा संपर्क सुटला की फीडबॅकला (आउटपुट तपासणाऱ्या पिनला) काहीच मिळत नाही, कन्व्हर्टरला वाटतं आउटपुट कमी आहे आणि तो सगळे १२ व्होल्ट मॉड्युलवर सोडतो. जूनमध्ये चाललेलं मॉड्युल ऑगस्टमध्ये जळालेलं आलं की मी आधी पॉट हलवून बघतो. विहिरीवर कायमचं बसवायचं असेल तर पॉट काढून टाका आणि तिथे पक्के रेझिस्टर लावा. गणित सोपं आहे: आउटपुट म्हणजे १.२३ गुणिले, एक अधिक वरचा रेझिस्टर (आउटपुट ते फीडबॅक) भागिले खालचा (फीडबॅक ते ग्राउंड). खालचा १ किलो आणि वरचा २.२ किलो घेतलात तर ३.९४ व्होल्ट मिळतात. बोर्डावर खालचा रेझिस्टर आधीच असतो, तो मोजून त्या मानाने वरचा निवडा.

आता तारा. ब्रेडबोर्डच्या रंगीत जंपर तारांत तांबं नावापुरतं असतं. जंपर, त्याची टोकं, ब्रेडबोर्डच्या पट्ट्या, सगळं मिळून ०.२ ओहम झाला तरी २ ॲम्पियरला ०.४ व्होल्ट तिथेच गेले. ४.० चे ३.६ झाले आणि कन्व्हर्टरचा दोष अजून मोजलेलाच नाही. पॉवरच्या दोन्ही तारा सोल्डर करा. ग्राउंडची तारही तेवढीच जाड हवी, तिच्याकडे सगळे सावत्रपणे बघतात. कन्व्हर्टर मॉड्युलच्या अगदी शेजारी, बोटभर अंतरावर.

घर वर आणि विहीर खाली असली की कोणीतरी घरातल्या अडॅप्टरवरून ४ व्होल्ट तारेने खाली न्यायचा विचार करतंच. अर्धा चौरस मिलिमीटरची तार, ३० मीटर अंतर, जाऊन-येऊन ६०, म्हणजे साधारण २ ओहम. दोन ॲम्पियर गुणिले २ ओहम म्हणजे ४ व्होल्ट. सगळंच तारेत संपलं. १२ व्होल्ट खाली न्या आणि विहिरीवर कन्व्हर्टर बसवा. तोटा दीड-पावणेदोन व्होल्टचा होईल, कन्व्हर्टरला त्याचं काही वाटत नाही.

कपॅसिटरबद्दल सगळीकडे सांगतात की १००० मायक्रोफॅरड टाका, बरं होईल. कधी होतं, कधी नाही, आणि का ते मोजता येतं. समजा तुमचा सोर्स १ ॲम्पियरच देतो आणि उरलेला १ कपॅसिटरने द्यायचा आहे. ५७७ मायक्रोसेकंदांत १००० मायक्रोफॅरडचं व्होल्टेज ०.५८ ने पडेल. ४.० वरून ३.४२, म्हणजे काठावर. २२०० टाकलात तर पाव व्होल्ट पडेल, निभावेल. पण सोर्स काहीच देत नसेल आणि सगळे २ ॲम्पियर कपॅसिटरनेच द्यावेत अशी अपेक्षा असेल, तर ०.३ व्होल्टच्या आत राहायला ३८०० मायक्रोफॅरडच्या वर लागतात, आणि मधल्या चार मिलिसेकंदांत तो पुन्हा भरायलाही हवा. हलक्या सोर्सवर मोठा कपॅसिटर ही पळवाट आहे, उपाय नव्हे. त्यात जुन्या बोर्डावरून उपटलेल्या इलेक्ट्रोलिटिकचा आतला रोधच इतका वाढलेला असतो की तो असून नसल्यासारखा. नवीन, लो-ईएसआर (आतला रोध कमी) लिहिलेला, १० किंवा १६ व्होल्टचा घ्या. १००० चे दोन समांतर लावले तर एका २२०० पेक्षा मला बरे वाटतात, कारण आतला रोध निम्मा होतो. शेजारी १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक. सगळे मॉड्युलच्या पिनांना चिकटून. कन्व्हर्टरच्या बाजूला लावलेला कपॅसिटर मधल्या तारेपुढे हतबल असतो.

मोटर चालू किंवा बंद होतानाच मॉड्युल पडत असेल तर प्रकरण वेगळं आहे. तिथे कॉन्टॅक्टरची (मोटर जोडणाऱ्या मोठ्या रिलेची) कॉइल सोडताना उठणारा झटका आत शिरतो. छोट्या रिलेच्या कॉइलवर उलटा १एन४००७ हवा. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर (झटका गिळणारी जोडी), त्यातला कपॅसिटर एक्स-टू जातीचाच, कॉइलच्या व्होल्टेजला साजेसा. रिलेची पॉवर आणि मॉड्युलची पॉवर १२ व्होल्टलाच वेगळी करा. स्टार्टरच्या पेटीत हात घालण्याआधी मेन स्विच पाडा आणि टेस्टर लावून बघा. थ्री फेज ४१५ व्होल्टचं आहे आणि विहिरीवर पाय बहुधा ओले असतात.

लाईट जाते म्हणून बॅकअप लागतोच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आल्यानंतर किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांनी दिवसच्या दिवस अंधारात काढले. इतकं धरू नका, पण रोजच्या खेळखंडोब्याला १२ व्होल्ट ७ एएचची एसएमएफ (पाणी घालावं न लागणारी) बॅटरी, १३.७ व्होल्टच्या आसपास ठेवलेला फ्लोट चार्जर आणि पुढे तोच बक कन्व्हर्टर, एवढं पुरतं. सगळं मिळून १२ व्होल्टला १०० मिलिॲम्पियर लागत असेल तर कागदावर ७० तास निघतात. मी निम्मे धरतो, कारण बॅटरी तळापर्यंत उपसली की लवकर जाते. बॅटरीचा आणखी एक फायदा म्हणजे झटक्याला ती हसतहसत करंट देते. अडॅप्टरवर अडखळणारी कितीतरी सर्किटं बॅटरी लावल्यावर गप्प बसलेली पाहिली आहेत.

सिग्नलच्या तारेकडेही एकदा बघा. सिम८००एलची आरएक्स (ऐकायची) पिन २.८ व्होल्टची, युनो देतो ५. मध्ये डिव्हायडर नसेल तर मॉड्युलची पॉवर बंद असतानाही या पिनमधून थोडी पॉवर आत झिरपते. ते धड बंदही नसतं आणि धड सुरूही होत नाही. पॉवर काढून परत दिली तरी उठत नाही अशी तक्रार असेल तर इथे शोधा.

पेटी प्लास्टिकची घ्या. तारा खालून आत न्या आणि आत शिरण्याआधी प्रत्येक तारेला खाली लोंबता वळसा द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकतं. लोखंडी पेटीत ठेवलेली स्प्रिंगची अँटेना रेंज अर्धमेली करते, मग मॉड्युल पूर्ण ताकदीने ओरडत बसतं आणि पुन्हा आपण पॉवरच्याच दारात. अँटेना केबलने बाहेर, शक्य तितकी वर न्या, सीएसक्यू ८ चा १४ झाला तरी पॉवरवरचा ताण उतरतो. सोल्डर केलेल्या भागावर वार्निशचा हात मारा, अँटेनाच्या कनेक्टरवर आणि सिमच्या पट्ट्यांवर मात्र नको.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी हल्ली ए७६७०सी हे मॉड्युल सुचवतो. ते फोरजीवर चालतं, जिओही घेतं आणि फोरजीवर टूजीसारखा २ ॲम्पियरचा ठोका नसतो. तरीही पॉवर २ ॲम्पियरचीच बांधा, कारण फोरजी सुटून टूजीवर उतरलं की झटके तेच. नुसत्या मॉड्युलला ३.४ ते ४.२ व्होल्ट लागतात, म्हणजे वरची हद्द सिम८००एलपेक्षा कमी. ब्रेकआउट बोर्डावर रेग्युलेटर आहे की नाही ते आधी बघा.

एवढं सगळं केलंत, सगळ्यात कमी व्होल्टेज ३.६ च्या खाली जात नाही, एलईडी मध्येच गप्प होत नाही आणि तरी नोंदणी होत नसेल, तर एटी+सीआरईजी? विचारा. ०,२ म्हणजे अजून शोधतंय, अँटेना वर घ्या. ०,३ म्हणजे नेटवर्कने नाकारलं, तेव्हा सोल्डरिंग गन खाली ठेवा आणि सिमकार्ड घेऊन रिचार्जच्या दुकानात जा.